डिस्चार्ज कार्डानंतर

मी बांधकामाचा ठेकेदार. २०२२च्या मे महिन्यात नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याकडच्या माझ्या एका साइटवर सेंटरिंगवाला, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारा मजूर, दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खाली पडला. वय तीस, गाव पेठ तालुक्यातला एक पाडा. आम्ही चौघांनी त्याला हातापायांना धरून उचललं, झोळीसारखं वाकवून पिकअपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. १०८ला फोन केला नाही. मणका मोडल्याचा संशय असेल तर माणसाला वाकवायचं नसतं, फळीवर सरळ आडवं बांधून न्यायचं असतं, हे मला फार नंतर कळलं. साइटवर त्या दिवशी फळ्यांचा ढीग पडलेला होता.

ऑपरेशन चांगलं झालं. प्लेटा-स्क्रू नीट बसले, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बिलही बसलं. बाराव्या दिवशी डिस्चार्ज. कार्डावर लिहिलं होतं: पंधरा दिवसांनी दाखवणे, फिजिओथेरपी करणे, दर दोन तासांनी कूस बदलणे. कमरेखालचं काही हलत नव्हतं, लघवीला नळी लावलेली होती. पाडा नाशिकहून साठेक किलोमीटर, शेवटचा टप्पा पायवाटेचा. तिथे फिजिओथेरपी कोण करणार, हे कार्डावर नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही.

आता पैशाचा हिशेब. तेव्हा १९२३चा कामगार भरपाईचा कायदा लागू होता. मजुराला कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर त्याच्या महिन्याच्या मजुरीच्या ६० टक्के रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. मजुरी कितीही असली तरी हिशेबात १५,०००च्या वर धरत नव्हते. तिसाव्या वर्षाचा आकडा २०७.९८. म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८, एकूण १८,७१,८२० रुपये, औषधपाण्याचा खर्च वेगळा. मी सव्वा लाखात मिटवलं. तो माझ्या मस्टरवर नव्हता, मुकादमाचा माणूस होता. दोन वर्षांनी वकिलाने फोन करून दाव्याची मुदत संपल्याचं सांगितलं, पेढे मागावेत तशा आवाजात.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे मी बरंच बोट दाखवणार आहे. ते बोट कोणाच्या हाताचं आहे हे वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मज्जारज्जू ऑकलंडमध्ये, ढाक्यात आणि नाशकात सारखाच तुटतो. तो पुन्हा पहिल्यासारखा जोडून देणारा उपचार कुठल्याच देशाकडे नाही. फरक पडतो तो डिस्चार्जनंतर हा माणूस कोणाचा, या प्रश्नाच्या उत्तराने. आणि ते उत्तर देशाच्या श्रीमंतीवर अवलंबून असतं ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. नाशिकमध्ये पैसे गोळाही होतात आणि खर्चही होतात. फक्त ते अपघातावर खर्च होतात, ऑपरेशनवर होतात, वाटपाच्या कार्यक्रमावर होतात. त्यानंतरच्या मंगळवारवर, बुधवारवर कोणी खर्च करत नाही.

जुन्या काळी कमरेखाली लुळा पडलेला माणूस बहुधा वर्ष-दोन वर्षांत जायचा. मणक्यामुळे नव्हे, तर पाठीला पडलेल्या जखमा चिघळून किंवा लघवीच्या संसर्गाने. १९४४ साली लुडविग गुटमन या जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू डॉक्टरकडे इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथला नवा विभाग आला. युद्धातले जखमी सैनिक तिथे येऊ लागले. गुटमनने काही जादूचं औषध काढलं नाही. त्याने दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाची कूस बदलायला लावली. लघवीच्या स्वच्छतेवर नजर ठेवली. उठवून बसवलं, कामाला जुंपलं, खेळायला लावलं. १९४८मध्ये तिथल्या हिरवळीवर सोळा जणांनी धनुष्यबाणाच्या स्पर्धा खेळल्या, त्यातून १९६०ला रोमची पॅरालिम्पिक उभी राहिली. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ला हायडेलबर्गच्या जलतरण तलावातून सुवर्णपदक घेऊन आले, ते याच वाटेने. लोकांच्या लक्षात पदक राहतं. मला ती दोन तासांची कूस मोठी वाटते. ती बदलायला रात्री दोन वाजता जागा असलेला माणूस लागतो आणि त्या माणसाच्या जागरणाची किंमत कोणीतरी मोजत असतं.

पाड्यावर ती त्याची बायको मोजते. आधी ती हंगामात टोळीबरोबर निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला जायची. आता जाता येत नाही. म्हणजे एका अपघातात घरातल्या दोन मजुऱ्या गेल्या. आमच्या गप्पांत हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘परदेशात सरकार बघतं, कारण तिकडे कुटुंब नाही, आपल्याकडे कुटुंब असतं.’ असतं, खरं आहे. पण हे वाक्य बोलणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि ‘कुटुंब’ या शब्दाचा जुना मराठी अर्थ बायको असा होता, हे त्याला आठवत नसलं तरी त्याच्या तोंडात तोच अर्थ असतो.

न्यूझीलंडची गोष्ट मला एवढ्यासाठीच सांगायची आहे. तिथे १९६७मध्ये न्यायमूर्ती वुडहाउस यांच्या आयोगाने अहवाल दिला. अपघात झाला की दोष कोणाचा हे कोर्टात सिद्ध करत बसण्यात जखमी माणसाचं आयुष्य संपतं, हा त्याचा रोख होता. १ एप्रिल १९७४पासून तिथे दोष न बघता भरपाई देणारी योजना सुरू झाली. साइटवर पडा, रस्त्यावर पडा, स्वतःच्या घराच्या शिडीवरून पडा, योजना लागू. बुडालेल्या कमाईच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम दर आठवड्याला. घराची दारं रुंद करणं, न्हाणीघर बदलणं, व्हीलचेअर, मदतनीस, सगळं त्यात. काळजी घेणारं माणूस घरातलं असेल, तर त्याच्या कामाचेही पैसे मिळू शकतात. बदल्यात लोकांनी नुकसानभरपाईसाठी खटला भरायचा हक्क सोडला. पैसे येतात मालकांच्या वर्गणीतून, कमावणाऱ्यांच्या वर्गणीतून, गाडीच्या नोंदणीतून आणि पेट्रोलमधून.

ठेकेदार म्हणून मला हा सौदा पटतो. मी वाईट माणूस आहे की चांगला, यावर माझ्या मजुराचं आयुष्य टांगून ठेवू नये, एवढंच त्यात आहे. माझ्यासारख्यांची सदसद्विवेकबुद्धी सव्वा लाखात दमते, हे मी अनुभवाने सांगतो.

पण तिथेही एक भिंत आहे. ही योजना अपघाताची. पाठीच्या कण्यात गाठ होऊन किंवा आजाराने कोणी लुळा पडला, तर त्याच्या वाट्याला साधी सरकारी मदत येते आणि ती बरीच तोकडी. एकाच रस्त्यावर दोन व्हीलचेअर, दोघांचे पाय सारखेच निर्जीव, पण एकाच्या घराचं दार रुंद. आपल्याकडे मणक्याच्या क्षयाने पाय जाणारे कमी नाहीत. न्यूझीलंडची हुबेहूब नक्कल केली तर ते पहिल्या दिवशीच बाहेर पडतील.

अमेरिकेचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं. जगातली उत्तम उपकरणं तिथे. १२ मार्च १९९० रोजी अपंग कार्यकर्त्यांनी आपल्या व्हीलचेअर खाली सोडल्या आणि वॉशिंग्टनमधल्या संसद भवनाच्या पायऱ्या हातांवर रांगत चढल्या. त्याच वर्षी कायदा झाला, बसला लिफ्ट आल्या, फुटपाथ उतरते झाले. पायऱ्यांवरच्या सत्याग्रहाचं नाशिककरांना नवल वाटू नये. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड तो वर्षानुवर्षं चालवत राहिले. जातीने बंद केलेलं दार आणि गवंड्याने उंच बांधलेली पायरी एकाच मापाने मोजू नयेत, तेवढं मलाही कळतं. तरीही दार कोणासाठी आहे हे बांधणाराच ठरवत असतो, हे दोन्हीकडे सारखं. तर त्याच अमेरिकेत, ज्याला कमाई नाही अशा अपंग माणसाला जो सरकारी भत्ता मिळतो, त्याची अट अशी की नावावर दोन हजार डॉलरपेक्षा जास्त पुंजी नको. नवरा-बायको दोघेही भत्त्यावर असतील तर दोघांची मिळून तीन हजार. ही मर्यादा १९८९पासून हललेली नाही. मदत हवी असेल तर गरीबच राहा आणि लग्न करण्याआधी गणित करा. एवढ्या श्रीमंत देशात!

म्हणून मी न्यूझीलंड आणि अमेरिका दोन्ही बाजूला ठेवतो आणि बांगलादेशात, ढाक्याजवळच्या सावर या गावी जातो.

व्हॅलरी टेलर ही ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट. तिने १९७९मध्ये ढाक्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या आवारात, सिमेंट ठेवायच्या दोन रिकाम्या गोदामांत चार रुग्ण घेऊन काम सुरू केलं. सिमेंटचं गोदाम म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको; पत्रे, धूळ, ओल. पुढे सावरला मोठं केंद्र झालं. तिथे येणारे रुग्ण आपल्या ओळखीचे वाटतात. झाडावरून पडलेला, डोक्यावरच्या बोज्यासकट पडलेला हमाल, रस्त्यावर धडकलेला. आपल्याकडे विहिरीत उतरताना घसरलेला, ट्रॅक्टर अंगावर उलटलेला, चिंचा पाडायला चढलेला. फार फरक नाही.

तिथली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मधलं घर. रुग्णालयातून थेट गावी पाठवत नाहीत. आधी काही दिवस घरासारख्या जागेत राहायचं, बरोबर घरचं एक माणूस. जमिनीवरून खुर्चीत कसं चढायचं, चुलीजवळ बसून कसं रांधायचं, मातीच्या अंगणात चाक रुतलं तर काय करायचं, हे तिथे शिकायचं. शिवणकाम, इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती, दुकान चालवणं यांचं शिक्षण. व्हीलचेअर तिथल्याच वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनतात, म्हणजे मोडली तर दुरुस्त करणाराही असतो. स्वीडनमध्ये १९७६पासून असंच एक काम व्हीलचेअरवरची माणसंच चालवतात. नव्याने लुळा पडलेल्याला शिकवायला वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेला माणूस. डॉक्टर सांगतो ‘जमेल’, तेव्हा रुग्ण मान डोलावतो. असा माणूस फुटपाथवर चाक चढवून दाखवतो, तेव्हा रुग्ण बघत राहतो.

सावरला सगळं गोड आहे असं मात्र नाही. तिथून घरी गेलेल्यांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा व्हीलचेअरवर असलेल्या पाच जणांमागे जवळपास एक जण दोन वर्षांच्या आत गेलेला आढळला. मग त्यांनी ४१० जणांवर प्रयोग केला. निम्म्यांना दोन वर्षं नियमित फोन आणि घरभेटी, निम्म्यांना नेहमीसारखंच. मृत्यूंच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. माझ्या मताला हे अडचणीचं आहे आणि म्हणूनच लिहितो. मी त्यातून असं घेतो की नुसता सल्ला पुरत नाही. ‘कूस बदला’ हे फोनवर दहा वेळा सांगितलं तरी बायको एकच असते आणि गादी तीच.

सल्ल्याचं जाऊ द्या, वस्तू दिली तरी भागत नाही; मीच दिली होती. वर्षभराने अपराध टोचायला लागल्यावर मी पाड्यावर गेलो आणि त्याच्या घराला रॅम्प बांधून दिला. एकास बाराचा उतार, खरबरीत फिनिश, कडेला कठडा, सगळं नियमाप्रमाणे. फार समाधान वाटलं. रॅम्प जिथे संपतो तिथून दगड सुरू होतात. वाटपाच्या एका शिबिरातून मिळालेली खुर्ची रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर चालणारी होती: पुढची चाकं पेरूएवढी, बसायला नुसतं रेक्झिन, उशी नाही. पाच मिनिटांत चाक खड्ड्यात. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा खुर्चीत नागलीचं पोतं ठेवलेलं होतं आणि तो खाटेवर होता. ब्रिटनमध्ये १९९१ साली स्थापन झालेल्या मोटिव्हेशन नावाच्या संस्थेने खडबडीत जमिनीसाठी तीन चाकांची, पुढे लांब निघालेली खुर्ची तयार केली. तिच्या एका संस्थापकाला स्वतःलाच व्हीलचेअर लागायची, त्यामुळे चाक कुठे रुततं हे त्याला विचारावं लागलं नसणार. शिबिरात फोटोसाठी रांगेत मांडायला मात्र चार चाकांचीच बरी दिसते.

आता आपल्या नाशिकचे खिसे चाचपून बघू. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस द्यावा लागतो, १९९६च्या कायद्याने सुरू झालेला. मीही भरत आलोय. हा पैसा बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी आहे. न्यूझीलंडने मालकांवर जी वर्गणी बसवली, तिचाच हा भाऊ म्हणा. पण त्याचा लाभ नोंदणी असलेल्याला, नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा आणि तो दाखला आमच्यासारख्यांनी द्यायचा. आम्ही देत नाही, कारण तो दिला की माणूस आमचा ठरतो. नोंदणी झालेल्याला भांड्यांचा संच मिळतो. भांडी वाईट नसतात, पण सेसच्या पैशातून कुकर मिळतो आणि लघवीची नळी मिळत नाही, हे मला कोणी समजावून सांगावं. दिवसातून चार-पाच वेळा स्वतः स्वच्छ नळी घालून लघवी काढायची पद्धत १९७२पासून जगभर रुळली आहे. कायम लावून ठेवलेल्या नळीपेक्षा संसर्ग कमी, मूत्रपिंड वाचतं. साधी नळी काही महाग नसते, महिनोन् महिने लागत राहते एवढंच. नेमक्या याच गोष्टीसाठी आपल्याकडे खातं नाही.

दुसरा खिसा महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतींचा. उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. मी पाहिलेल्या गावांत त्याचं मार्चअखेर सरसकट वाटप होतं, प्रत्येकाच्या हातात थोडी रक्कम. ज्याची दोन बोटं गेली त्यालाही तेवढीच, ज्याला रात्री चारदा कुशीवर वळवावं लागतं त्यालाही तेवढीच. तिसरा खिसा केंद्राचा. २०२५पासून रस्ते अपघातातल्या जखमींना दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळतात, अपघातापासून सात दिवस. योजना चांगली आहे, जीव वाचतील. वाचलेला जीव आठव्या दिवशी तीस वर्षांचा असतो. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाचे महिना ३०० रुपये, तेही ८० टक्के अपंगत्व असेल तर. राज्य त्यात आपली भर घालतं. बस्स.

पैसे नाहीत ही सबब म्हणून मला पटत नाही. सिंहस्थासाठी आपण नवे घाट बांधतो, रस्ते रुंद करतो. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, शेवटपर्यंत व्हीलचेअर जाईल असा एक तरी उतार प्रत्येक नव्या घाटाला असावा, ही मागणी मी करणारच. २०१६च्या अपंग हक्क कायद्यामुळे ती भीक म्हणून मागायची गरजही नाही. पण मला आधी हवं आहे ते वीस खाटांचं मधलं घर, नाशिक जिल्ह्यासाठी एक. जिल्हा रुग्णालयातून, खासगी दवाखान्यातून, कुठूनही मणक्याचा रुग्ण सुटला की त्याने आधी महिना-दीड महिना तिथे, घरच्या एका माणसासकट राहावं. त्या माणसाला त्या दिवसांची मजुरी द्यावी. तिथे वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप असावं, नळ्या आणि हवेच्या उशा मिळाव्यात, पुढेही दर महिन्याला मिळत राहाव्यात. पगारावर निदान चार माणसं व्हीलचेअरवरची असावीत, मानधनावर नव्हे. पैसे सेसमधून आणि ५ टक्क्यांतून. जागा तर कितीतरी पडून आहेत. सिमेंटच्या गोदामातही सुरुवात होते हे दिसलंच आहे. क्षयाने पाय गेलेला आला तरी परत पाठवू नये.

यावर ‘आधी बरं करण्याचं बघा’ म्हणणारे असतात. त्यांच्यामुळेच दोन बिघे विकून स्टेम सेलची इंजेक्शनं घेणारी कुटुंबं तयार होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत सांगून ठेवलं आहे की रक्ताचे ठरावीक आजार सोडले, तर अधिकृत चाचणीबाहेर हे उपचार म्हणून विकायचे नाहीत. संशोधन चालू आहे, चालू राहावं. पण आशेच्या भरवशावर गादी बदलायची थांबवली, तर उपचार सापडेल त्या दिवशी तो घ्यायला माणूस शिल्लक राहणार नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा पाड्यावर गेलो होतो. तो म्हणाला, ‘रॅम्प राहू द्या शेठ, खाट उंच आहे, तेवढी कापा.’ खुर्चीची आणि खाटेची उंची सारखी झाली तर हातांच्या जोरावर त्याला इकडून तिकडे सरकता येतं, बायकोला हाक मारावी लागत नाही. तीन वर्षांत हे ना सर्जनने सांगितलं, ना मला सुचलं. मी तर दिवसभर उंच्याच मोजतो. करवत घेऊन चारही पाय चार-चार इंच कापले. तुकडे तिने चुलीत घातले.

चहा पिताना मी त्याला न्यूझीलंडचं सांगत होतो. तो लक्ष देऊन ऐकत होता. म्हणाला, ‘एवढं पैसं भरतं कोण तिकडं?’

म्हटलं, ‘मालक भरतात. गाडीवाले भरतात.’

‘मंग हितं?’

मी त्याला एक टक्क्याचं सांगितलं. बांधकामाच्या दर शंभर रुपयांतला एक रुपया मजुरांच्या नावाने जमा होतो, म्हटलं.

‘म्हंजे ते आमचंच का?’

‘हो.’

त्याने थोडा विचार केला. ‘भावाचं नाव हाय तिथं. त्याला भांडी आली होती,’ तो म्हणाला. ‘कुकर चांगला हाय.’